अफिनिटीला मराठीत काय म्हणाल? (गाढवांसह)

रेघोट्या

मंडळी, मदत हवी आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. त्यात डोंगरातल्या गावात राहणारी एक मुलगी आहे, आणि तिच्याबद्दल एकच छोटं वाक्य आहे: तिची गाढवांशी 'नॅचरल अफिनिटी' होती. या वाक्यापाशी मी गेले तीन दिवस बसून आहे.

पहिला खर्डा: 'तिला गाढवांविषयी नैसर्गिक आत्मीयता होती.' संपादकबाईंनी समासात लिहिलं, 'ही मुलगी आहे की पशुसंवर्धन खात्याचं परिपत्रक?'

दुसरा: 'तिला गाढवांची ओढ होती.' हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा काही बोलला नाही, फक्त चहाचा कप खाली ठेवला.

शब्दकोशात आकर्षण, आसक्ती, साधर्म्य, आप्तसंबंध, जवळीक असे बरेच सापडले. सगळे बरोबर आणि एकही चालणारा नाही. सुचवा.

टवाळ आळी

'तिचं गाढवांशी गोत्र जुळत होतं.'

घ्या. मानधन नको. पुलेशु.

कैरीपन्हं

जिव्हाळा? लळा? माया? एवढे सुंदर शब्द असताना तुम्ही आत्मीयतेच्या वाटेला गेलातच का?

रेघोट्या

टवाळ, तुमच्याकडून हेच अपेक्षित होतं.

कैरीपन्हं, लळा मीही लिहून पाहिला. पण लळा लागायला सहवास हवा. शेजारचं बाळ रोज आपल्याकडे येतं, सहा महिन्यांनी त्याचा लळा लागतो. ही मुलगी तर गाढव पहिल्यांदा बघते तेव्हाच त्याच्याजवळ जाऊन उभी राहते. ओळखीच्या आधीचं काहीतरी आहे ते. जिव्हाळ्याचं तेच, तोही मुरावा लागतो. मायेत वरून खाली असा उतार येतो, म्हणजे एक मोठं आणि एक लहान. इथे गाढव आणि मुलगी बरोबरीचे आहेत (पुस्तकात तर गाढवच जरा शहाणं आहे).

ओढ का नको तेही सांगते. ओढ दूरच्या गोष्टीची असते. माहेराची ओढ, विठ्ठलाची ओढ. गाढव समोर उभं असताना त्याची ओढ कशी असेल? कल म्हणावं तर तो गणिताकडे असतो किंवा निवडणुकीत असतो. सख्य त्यातल्या त्यात जवळ जातं, पण दहा वर्षांच्या मुलाला सख्य म्हटलं की 'सख्खं'ची चुकलेली जोडाक्षरं वाटतील.

लीड्सकर

विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

हा शब्द लॅटिनमधून आला. 'आद' म्हणजे -कडे, -पाशी, आणि 'फिनिस' म्हणजे सीमा. 'अफिनिस' म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला भिडलेली आहे तो. शेजारी. यातूनच रोमन लोकांनी लग्नातून जुळलेल्या नात्याला 'अफिनितास' म्हटलं. रक्ताचं नातं वेगळं आणि हे वेगळं. इंग्रजीतही शब्द आला तो आधी याच अर्थाने, सोयरीक. आवड, कल, गाढवं हे सगळं नंतरचं.

आणि हा सोयरिकीचा अर्थ साधासुधा नव्हता, त्यावर राज्यं हलली. आठव्या हेन्रीने थोरल्या भावाच्या विधवेशी, कॅथरीनशी, लग्न केलं १५०९ साली. चर्चच्या नियमाप्रमाणे भावाशी लग्न झाल्यामुळे तिची हेन्रीशी 'अफिनिटी' झाली होती, म्हणजे लग्नाला मनाई. त्यासाठी पोपकडून १५०३ सालीच सूट मिळवून ठेवलेली होती. पुढे त्याला दुसरं लग्न करायचं होतं तेव्हा तो म्हणू लागला की ती सूटच मुळात गैर होती. त्या भांडणातून इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं.

इथल्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर 'टेबल ऑफ किन्ड्रेड अँड अफिनिटी' लावलेलं अजून कुठेकुठे दिसतं. कँटरबरीचे आर्चबिशप पार्कर यांनी १५६३ साली काढलेली यादी. पुरुषाने कोणाशी लग्न करू नये अशा तीस बायका आणि बाईने कोणाशी करू नये असे तीस पुरुष. पुरुषांच्या यादीत पहिलं नाव आजीचं आहे. हा धोका त्या काळी कितपत होता कोण जाणे.

याच यादीपायी वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न इंग्लंडमध्ये १९०७ पर्यंत कायदेशीर नव्हतं. १८३५ च्या कायद्याने तर तसं लग्न मुळापासूनच रद्दबातल धरलं जाई. आपल्याकडे मात्र 'धाकटीला द्या, पोरांना मावशीच आई होईल' हे किती घरांत झालंय बघा. त्यांना मेव्हणी बहिणीसारखी निषिद्ध, आपल्याला पोरांसाठी तीच सगळ्यात सोयीची.

बांधावरून

लीड्सकर, तुमचे रोमन लोक भलतेच गरीब स्वभावाचे दिसतात. हद्दीला हद्द भिडली की सोयरीक होते म्हणे! आमच्याकडे हद्दीला हद्द भिडली की मोजणीचा अर्ज पडतो.

आमच्या रानाला लागून चुलत्याचं रान आहे. चुलता माझा सख्खा लागतो. पण त्यांनी दोन पावसाळे बांध कोरला आणि तेव्हापासून कोर्टात तारखा चालू आहेत. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर रुतला तर धावून येतात ते पाव्हणे, म्हणजे बायकोकडचे. बारा किलोमीटरवरून येतात. भावकी बांधावर उभी राहून बघते.

त्यामुळे अफिनिटीचा अर्थ सोयरीक हे पटलं. शेजार हे नाही पटलं.

आगाऊ_कार्टी

एक मिनिट एक मिनिट.

बांधावरून काकांचं वाक्य परत वाचा. 'रानाला लागून चुलत्याचं रान आहे. चुलता माझा सख्खा लागतो.'

जमीन लागून असते आणि नातेवाईक पण लागतात! तो तुझा कोण लागतो? लॅटिनमध्ये जे एका शब्दात झालं ते काकांनी दोन वाक्यांत न ठरवता करून टाकलं.

रेघोट्या

अगं कार्टी!! मी तीन दिवस नाम शोधत बसले आणि मराठीने ते काम क्रियापदाला दिलंय.

जीव लागतो. गोडी लागते. लळा लागतो. वेड लागतं. नाद लागतो. सगळी ओढ-आवड-जवळीक या एका 'लागणे'वर उभी आहे.

कैरीपन्हं

ठेच लागते. दृष्ट लागते. डाग लागतो. विहिरीला पाणी लागतं. दूध खाली लागतं (आत्ताच लागलं, या धाग्यापायी).

टवाळ आळी

वाट लागते.

बांधावरून

उसाची लागण. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये. आणि डॉक्टर म्हणतात तापाची लागण. बेणं जमिनीला लागलं तरी लागण, रोग माणसाला लागला तरी लागण. आमच्या लेखी चांगलं-वाईट असं काही नाही त्यात. चिकटलं आणि धरलं, एवढंच.

कैरीपन्हं

आणि 'मला सकाळी चहा लागतो'? तो कुठला लागणे? चहा माझा कोण लागतो?

टवाळ आळी

सावकार.

जुनी पोथी

कार्टीने बरोबर नस पकडली आहे, थोडी भर घालतो. 'लागणे'च्या मुळाशी संस्कृतातला 'लग्' धातू आहे, चिकटणे, भिडणे. त्याचं भूतकाळवाचक विशेषण 'लग्न', म्हणजे चिकटलेलं, भिडलेलं. विद्यापीठाशी 'संलग्न' महाविद्यालय म्हणतो त्यातलं लग्न तेच.

आता इथे लगेच 'बघा, लग्न म्हणजे दोन जीवांचं जुळणं' अशी फॉरवर्ड येतील, म्हणून आधीच थांबवतो. विवाहाचा अर्थ या शब्दाला तसा सरळ आलेला नाही. ज्योतिषात लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, क्षितिजाला लागलेली. त्या राशीवरून मुहूर्त काढायचा, म्हणून मुहूर्ताला लग्न, आणि मुहूर्तावर जे होतं त्यालाही लग्न. पत्रिकेतलं 'लग्नस्थान' अजून पहिलं घर असतं, विवाहाचं स्थान सातवं, ते याच कारणाने.

पण गंमत अशी की वळसा घालूनही आपण तिथेच पोचलो. रोमन माणसाला शेताची हद्द भिडलेली दिसली, आपल्या जोशीबुवांना आकाशाची. सीमेला काहीतरी टेकलं, आणि दोन्हीकडे शेवटी मांडव पडला.

लीड्सकर

जुनी पोथी, _/\_. क्षितिजाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हापश्याचो

आमच्या कोंकणीत 'सोयरो' म्हणजे पाहुणा. घरी सोयरे आयले म्हटलं की ते नातेवाईकच असतील असं नाही, पाहुणे आले एवढंच. आणि 'सोयरीक' म्हणजे लग्नाचं स्थळ, लग्नसंबंध. बांधावरूनभाऊंच्या भाषेत नेमकं उलट्या बाजूने तेच झालंय की. 'पाव्हणा' म्हणजे मुळात अतिथी आणि अर्थ झाला बायकोकडचा माणूस. आमचा सोयरा पाहुणा झाला, तुमचा पाहुणा सोयरा झाला.

कैरीपन्हं

तुकोबांनी वृक्षवल्लींना सोयरे म्हटलं तेही आठवलं यावरून. सगे नाही म्हटलं, सोयरे म्हटलं. रक्ताचं नातं झाडाशी कसं असेल? जोडलेलंच असणार.

मध्यममार्गी

सगे आणि सोयरे हा फरकच तर गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या चर्चेत गाजला ना? २६ जानेवारी २०२४ ला सरकारने मसुदा काढला त्यात 'सगेसोयरे'ची व्याख्याच करायला घेतली होती. सजातीय विवाहातून जुळलेले नातेवाईक वगैरे. म्हणजे अफिनिटीची सरकारी व्याख्या. त्यावरून माझं स्पष्ट मत असं आहे की

संपादक मंडळ

प्रतिसाद शब्दाच्या मुद्द्यापुरता ठेवला आहे, पुढचा भाग काढला आहे. आरक्षणावर स्वतंत्र धागे आहेत, तिकडे जावे. गाढवांकडे परत या.

खडूफळा

तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी अफिनिटी वेगळी. 'इलेक्ट्रॉन अफिनिटी'. पुस्तकात मराठी शब्द काहीही छापलेला असो, फळ्यावर आम्ही इलेक्ट्रॉन अफिनिटीच लिहिली आणि पोरांनी तीच पाठ केली.

शब्द रसायनात आला तो सोयरिकीवरून उपमा घेऊनच. कोणता पदार्थ कोणाला सोडून कोणाशी जोडी जमवतो याचा तक्ता फ्रान्समध्ये जॉफ्रॉय यांनी १७१८ मध्ये मांडला. त्यांनी स्वतः अफिनिटी शब्द टाळला होता, 'संबंध' अशा अर्थाचा साधा शब्द वापरला. पण लोकांनी त्याला अफिनिटीचे तक्तेच म्हटलं. आम्लात चांदी विरघळलेली आहे, त्यात तांबं टाकलं की आम्ल तांब्याशी जुळतं आणि चांदी बाहेर पडते. सोडचिठ्ठी आणि दुसरं लग्न एकाच चंचुपात्रात. पुढे स्वीडनच्या बेरीमान यांनी हे तक्ते फार वाढवले, आणि १८०९ साली जर्मन कवी ग्योथे यांनी तीच कल्पना उचलून नवरा, बायको आणि आलेले दोन पाहुणे यांच्यावर कादंबरी लिहिली. माणसांकडून पदार्थांकडे गेलेला शब्द शंभर वर्षांत परत माणसांकडे आला.

आता माझा आवडता प्रश्न, जो मी दर वर्षी विचारायचो. इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची सगळ्यात जास्त अफिनिटी कोणाची? सगळे हात वर करून ओरडायचे, फ्लोरिन! चूक. क्लोरिन. क्लोरिनची मोलला ३४९ किलोज्यूल, फ्लोरिनची ३२८. फ्लोरिन आकाराने इतका लहान की त्याच्या घरात आधीच इलेक्ट्रॉनांची दाटी. नवा पाहुणा यावा अशी इच्छा दांडगी, पण खोली दहा बाय दहाची. क्लोरिनकडे ऐसपैस ओसरी आहे. मुंबईच्या मुलांना हे एका झटक्यात कळायचं.

जाता जाता: पॅराफिन. मेणबत्तीचं मेण. नाव कुठून आलं माहीत आहे? 'पारुम' म्हणजे थोडं आणि 'अफिनिस'. ज्याचं कोणाशी फारसं जमत नाही ते. रायशेनबाख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये ते शोधलं. आम्लाशी जमेना, अल्कलीशी जमेना, म्हणून हे माणूसघाणं नाव दिलं.

कैरीपन्हं

खडूफळा सर, काय सुंदर! आणि आपल्याकडे तेल-तुपाला काय म्हणतात? स्नेह. स्निग्ध पदार्थ. आयुर्वेदात अंगाला तेल चोळणं म्हणजे स्नेहन. त्यांनी तेलकट वस्तूकडे बघून 'याचं कोणाशी जमत नाही' म्हटलं आणि आपण तेलकट वस्तूकडे बघून प्रेमाचा शब्द ठरवला.

टवाळ आळी

म्हणून आपल्याकडे निमंत्रण 'सस्नेह' असतं आणि पंगतीत तूप वाढतात. त्यांच्याकडे मेणबत्ती लावून जेवतात.

सोनचाफा

डॉक्टरकीतली अफिनिटी सांगते, म्हणजे हा शब्द गोड आहे असा कोणाचा समज असेल तर जाईल.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचं काम प्राणवायू धरणं. पण कार्बन मोनॉक्साइडशी त्याची अफिनिटी प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त. न्हाणीघराची खिडकी बंद, आत गॅसचा गीझर. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हिमोग्लोबिन एकेका जागेवर त्या वायूला बसवत जातं आणि प्राणवायूला जागा उरत नाही. माणूस चक्कर येऊन पडतो. दर थंडीत अशी एखादी केस ऐकते. इथे 'जिव्हाळा' लावून दाखवा.

उलट उदाहरणही त्याच हिमोग्लोबिनचं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन आईपेक्षा वेगळं असतं आणि त्याची प्राणवायूशी अफिनिटी आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त असते. ती जास्त असते म्हणूनच वारेत आईच्या रक्तातला प्राणवायू बाळाकडे जातो. तिथून तो नाळेने आत. आपण 'नाळ जुळली' म्हणतो ते फक्त भावनेने म्हणतो, पण त्या नाळेतून खरोखर अफिनिटीच वाहत असते. सहा महिन्यांत बाळाचं ते हिमोग्लोबिन बहुतेक सगळं बदलून मोठ्यांसारखं होतं.

आगाऊ_कार्टी, 'लागणे' दोन्हीकडे चालतं बघ. बाळाला प्राणवायू लागतो. आणि गीझरवाल्या केसलाही म्हणतातच की, गॅस लागला.

आगाऊ_कार्टी

अंगावर काटा.

कोर्टाची पायरी

सगळे अफिनिटीला मराठी शब्द शोधताय. महाराष्ट्रात हजारो लोकांना हा शब्द मराठीत न येताच पुरेपूर कळला आहे. जात पडताळणी समितीच्या दारात.

अनुसूचित जमातीचा दाखला तपासताना कागद बघतातच, शिवाय 'अफिनिटी टेस्ट' होते. (कार्यालयात सगळे 'ॲ' लावून ॲफिनिटी म्हणतात, इंग्रजी उच्चार 'अ'चा आहे, पण तिथे जाऊन दुरुस्त्या करू नका.) दक्षता पथक घरी येतं, मूळ गावी जातं. तुमचे देव कोणते, कुळं कोणती, लग्नात काय करता, मयताला काय करता, बोली कशी. तुमची त्या जमातीशी 'नाळ' आहे की नाही ते उत्तरांवरून ठरवायचं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी दाखल्याच्या एका प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, त्यात हे आलं. खोटे दाखले रोखायला ते हवंही होतं.

अडचण कुठे झाली? मी एका अशिलाबरोबर गेलो होतो. आजोबा कामासाठी शहरात आले, बाप गिरणीत, हा बँकेत. त्याला विचारलं, तुमच्यात लग्नाला कोणती गाणी म्हणतात? तो म्हणाला, साहेब, डीजे होता. अर्ज फेटाळताना शेऱ्यात आलं की जमातीच्या चालीरीतींची माहिती नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर स्वातंत्र्यापूर्वीची जमातीची नोंद होती, ती तशीच बाजूला.

उलट दिशेने पाहा. प्रश्न काय येतात ते ठाऊक असलेला कोणीही आठ दिवस पुस्तक वाचून पैकीच्या पैकी मिळवेल.

न्यायालयालाही हे दिसलं. २०११ च्या एका निकालात म्हटलं गेलं की स्थलांतर आणि आधुनिक राहणीमुळे या चाचणीला लिटमस कागद समजू नये. मग २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्कं केलं. अफिनिटी टेस्ट ही लिटमस टेस्ट नाही, प्रत्येक प्रकरणात ती आवश्यकही नाही, आणि जुन्या कागदांचं वजन मोठं. खडूफळा सर, बघा, तुमचा लिटमस कुठे पोचला.

पाणंद

कोर्टाची पायरी, तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो, नाहीतर या धाग्यावर नुसतं वाचत होतो.

माझ्या वडिलांना असंच विचारलं होतं. ते घाबरले आणि जे येत होतं तेही विसरले. घरी आल्यावर आजीने त्यांना सगळं परत सांगितलं, एकेक गाणं, एकेक देव, पहाटेपर्यंत. वडील ऐकत बसले होते. मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं की आजीला एवढं येतं. पडताळणीचं पुढे झालं एकदाचं, पाच वर्षं लागली.

(लागली. हे पण तेच का?)

रेघोट्या

पाणंद, लिहिलंत ते बरं केलंत. आजीची ती गाणी कोणी उतरवून घेतली का?

पाणंद

चुलतबहिणीने फोनमध्ये घेतली आहेत थोडी.

पॉडवाला

वातावरण जरा हलकं करतो. आयटीत अफिनिटी रोजची आहे. संगणकात एकापेक्षा जास्त प्रोसेसर असतात. एखादं काम शक्यतो त्याच प्रोसेसरवर परत पाठवायचं याला प्रोसेसर अफिनिटी म्हणतात. कारण साधं आहे. मागच्या वेळचा पसारा त्याच्या जवळच्या मेमरीत अजून पडलेला असतो. स्वयंपाकाच्या मावशी तुमच्याकडे रोज येतात, हिंग कुठे, जिरं कुठे त्यांना माहीत असतं. बदली मावशी आल्या की अर्धा तास डबे उघडण्यात जातो.

क्लाउडमध्ये तर 'अँटी-अफिनिटी' पण आहे. या दोन गोष्टी कुठल्याही परिस्थितीत एका सर्व्हरवर ठेवू नका, असं लिहून देता येतं. एक सर्व्हर पडला तर दुसरीकडची तरी वाचावी म्हणून.

बांधावरून

म्हणजे जावाजावा. वेगळी चूल.

पॉडवाला

काका, उद्या मीटिंगमध्ये हेच सांगणार आहे.

मध्यममार्गी

राजकारण नाही, घाबरू नका. इंग्रजी वापराबद्दल शंका. 'अफिनिटी फॉर', 'अफिनिटी विथ', 'अफिनिटी टुवर्ड्स' यात बरोबर कोणतं? ऑफिसात तिन्ही ऐकतो.

लीड्सकर

'फॉर' एकतर्फी चालतो. मला आंब्याबद्दल आहे, आंब्याला माझ्याबद्दल असायची गरज नाही. रसायनातही हाच. 'विथ' म्हटलं की दोन्ही बाजूंनी काहीतरी आहे असा सूर लागतो. 'बिट्वीन' बहुतेक वेळा साम्य दाखवायला, दोन भाषांमधली अफिनिटी वगैरे. तिथे मराठीत साधर्म्य किंवा सरळ नातं म्हणा. 'टुवर्ड्स' इथे क्वचित ऐकू येतो, भारतात फार. मी स्वतः वीस वर्षं तोच म्हणत होतो, कोणी टोकलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. नुसती आवड असेल तिथे हा शब्द जड होतो. 'मला वडापावबद्दल अफिनिटी आहे' असं म्हणू नये. वडापाव आवडतो.

रेघोट्या

लीड्सकर, म्हणजे माझ्या मूळ वाक्यात 'विथ' आहे हे महत्त्वाचं. गाढवांनाही ती मुलगी हवी आहे. मी फक्त तिच्या बाजूने लिहीत होते. तिला ओढ, तिला आत्मीयता. गाढवं गप्पच.

मातीकाम

मी कुंभाराच्या घरातला. आजोबांपर्यंत आमच्याकडे गाढवं होती, माती आणि विटा वाहायला. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात गाढवं घ्यायला जायचे, कधी मढीलाही. त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क मला जास्त आहे असं समजतो.

गाढवाबद्दल कोणी 'आत्मीयता' वगैरे बोलत नसे. बाजारात बघणारा माणूस कसा आहे हे गाढवावरूनच कळतं म्हणायचे. नवा माणूस जवळ आला की जनावर कान मागे टाकतं, अंग चोरतं, मागचा पाय उचलतं. माझी आत्या आठ-नऊ वर्षांची होती तेव्हापासून कुठल्याही गाढवाच्या मानेखाली सरळ हात घालायची आणि ते तसंच उभं राहायचं. तिच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं, 'हिला जनावर बिचकत नाही.' बाजारात तिला मुद्दाम न्यायचे. ती शेजारी उभी असली की विकणाऱ्याला गाढवाचा स्वभाव लपवता येत नसे, कारण जे गाढव तिलाही बिचकलं ते घ्यायचं नाही.

रेघोट्या

मातीकाम. मी आत्ता उठून उभी राहिले आहे.

रेघोट्या

दोन दिवसांनी परत आले. वाक्य असं गेलं: 'कुठलंही गाढव तिला बिचकत नसे.' संपादकबाईंनी समासात फक्त बरोबरची खूण केली. आणि खाली बारीक अक्षरात, 'नॅचरल कुठाय? असू दे. नको.'

मातीकाम, तुमच्या आत्याबाईंना सांगा.

टवाळ आळी

अहो, पण त्यात अफिनिटी गेली कुठे?

रेघोट्या

कामाला लागली.

पॉडवाला

मस्त धागा. बरं, 'रेझोनेट' होतं याला काय म्हणाल? आमच्या मॅनेजरला सगळंच रेझोनेट होतं हल्ली.

संपादक मंडळ

नवीन धागा काढावा.